मामा की काका? नाशिकचं शरणपूर, याओ मुलं आणि मिशनची कागदपत्रं

नाशिकमध्ये क्लास लावून अभ्यास केलेल्या कुणालाही शरणपूर रोड सांगावा लागत नाही. कॉलेज रोडला लागून असलेला, दुकानांनी आणि दवाखान्यांनी भरलेला रस्ता. पण हे 'शरणपूर' नाव कुठून आलं, हा प्रश्न तिथून रोज जाताना आपल्याला पडत नाही. मलाही पडला नव्हता. मी तर तिथून शेकडो मैल लांब, भंडारा जिल्ह्यातल्या करडीची. मी शरणपूरला पोचले ती म्हशींमुळे.

सांगते. माझी एम.एस्सी. प्राणिशास्त्रात झाली आणि पीएच.डी. विज्ञानाच्या इतिहासात चालू आहे. १९व्या शतकातल्या मोहिमांबरोबर जे प्राणी नेले जात, त्यांच्या नोंदी मी गोळा करत होते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली मुंबईहून आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्याने सोबत सहा उंट, तीन म्हशी आणि एक पारडू, दोन खेचरं आणि चार गाढवं घेतली होती. त्से-त्से माशीच्या चाव्याने आफ्रिकेत घोडे आणि बैल मरतात. भारतातले उंट आणि म्हशी टिकतात का, हे त्याला पाहायचं होतं. म्हणजे चक्क एक प्रयोग. मी त्याच्या रोजनिशीत म्हशी शोधत होते आणि मला त्याच पानांवर 'नाशिकची मुलं' सापडली. मुंबईहून निघालेल्या या मोहिमेत नाशिकच्या शाळेतली नऊ आफ्रिकन मुलं होती.

आजचा लेख त्यांच्याबद्दल आहे. आणि त्या निमित्ताने एका प्रश्नाबद्दल, जो संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या साधनांना विचारायला हवा: ज्यांच्याविषयी एवढं लिहिलं गेलं, ते स्वतः या कागदात कुठे बोलतात?

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

पहिला शब्द 'बांटू'. वर्तमानपत्रात 'बांटू जमात' असं सहज छापून येतं. बांटू ही एक जमात नाही. तो भाषांचा एक मोठा कुटुंबसमूह आहे, कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेला, शेकडो भाषांचा. हे नाव विल्हेल्म ब्लीक या भाषाशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या मध्यात रूढ केलं. यातल्या अनेक भाषांत 'न्तू' या अंशाचा अर्थ माणूस आणि 'बा' हा अनेकवचनाचा उपसर्ग, म्हणून बांटू म्हणजे 'माणसं'. 'बांटू जमात' म्हणणं हे 'द्राविड जमात' म्हणण्यासारखं आहे. तमिळही द्राविड आणि आमच्याकडची गोंडीही द्राविड, पण दोघांना एका जमातीत बसवता येत नाही.

दुसरा शब्द 'याओ'. हे बांटू भाषा बोलणारे लोक आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियामध्ये, न्यासा सरोवराच्या आसपास राहतात. १९व्या शतकात याओ सरदार आणि व्यापारी हस्तिदंत आणि गुलाम किनाऱ्यावर नेऊन विकत. त्याच वेळी याओ मुलंही पकडली जात, विकली जात. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, हे डोक्यात ठेवा. पुढे लागेल.

शरणपूर कसं झालं

चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडमधली इव्हँजेलिकल पंथाची संस्था १७९९ साली स्थापन झाली. तिने नाशिकजवळ १८५०च्या दशकात एक ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला नाव दिलं शरणपूर, म्हणजे आश्रयाचं गाव. विल्यम सॉल्टर प्राइस हा मिशनरी तिथला कर्ताधर्ता होता.

त्या काळात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडत असे. सोडवलेल्या लोकांचं करायचं काय? बरेच जण मुंबई बंदरात उतरवले जात. मोठी माणसं कामाला लागत. मुलं पोलिसांकडून वेगवेगळ्या संस्थांकडे दिली जात, आणि त्यांतली बरीचशी शरणपूरला आली. १८६०च्या सुमारास तिथे आफ्रिकन मुलांसाठी वेगळा आश्रम उभा राहिला. सुतारकाम, लोहारकाम, वाचन-लेखन आणि बायबल असा अभ्यासक्रम. या मुलांना पुढे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. म्हणजे आफ्रिकेत परत गेल्यावर त्यांची ओळख मुंबईवरून आणि 'नाशिकची मुलं' या नावावरून झाली.

बाप्तिस्म्यासोबत नवी नावं मिळाली. जेकब वेनराइट, एडवर्ड गार्डनर, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस. शेवटचं आडनाव बघा: शाळा चालवणाऱ्या मिशनऱ्याचंही तेच. आईबापाने ठेवलेली नावं बहुतेकांच्या बाबतीत नोंदीतून मागे पडली.

प्रार्थना हेही एक साधन आहे

आता मिशनच्या कागदांविषयी. मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्याने सुरुवातीला 'प्रार्थना' हा शब्द आला की पान उलटायचे. मोठी चूक होती ती. इव्हँजेलिकल मिशनमध्ये प्रार्थना ही केवळ भावना नव्हती, ती एक यंत्रणा होती. मिशनरी पत्र लिहिणार, संस्थेची मासिकं ते छापणार, इंग्लंडमधल्या गावोगावच्या मंडळ्या ते वाचणार, अमुक लोकांसाठी प्रार्थना करणार, वर्गणी काढणार, आणि त्या पैशांतून पुढचा मिशनरी जाणार. पत्रात काय लिहायचं हे या साखळीवरून ठरत असे. प्रार्थनेला विषय लागतो, म्हणून लोक 'अंधारात' असायला हवेत. आणि उत्तर मिळतंय असंही दिसायला हवं, म्हणून एखादा बाप्तिस्मा हवा. या दोहोंच्या मधलं आयुष्य पत्रात फारसं येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा नमुना निवडीतला दोष आहे. शेतातली उगवलेली रोपं तेवढी मोजून बियाण्याची प्रत ठरवली तर आकडा चुकणारच. ज्याने धर्म स्वीकारला त्याची नोंद सविस्तर, जो निघून गेला त्याची एक ओळ, जो कधी आलाच नाही तो 'लोकसमूह' या एका शब्दात.

एक उदाहरण देते. २० डिसेंबर १८७२ रोजी इंग्लंडच्या चर्चने मिशनसाठी खास प्रार्थनेचा दिवस पाळला. मुख्य मागणं होतं की परदेशातल्या कामाला आणखी माणसं मिळावीत. युजीन स्टॉक याने पुढे या संस्थेचा मोठा इतिहास लिहिला, त्यात या दिवसाला तो कलाटणीचा दिवस मानतो. आता त्याच दिवशी आफ्रिकेत काय चाललं होतं ते बघा. नाशिकच्या शाळेतले तरुण लिव्हिंग्स्टनबरोबर बांग्वेउलू सरोवराच्या दिशेने चालत होते. इंग्लंड जी माणसं मागत होतं, त्यांतली काही आधीच तिथे होती. त्यांना त्या यादीत कुणी धरलेलं नव्हतं, एवढंच.

१८६४: रबाई

खरं तर त्याच्याही आधीपासून होती. मोंबासाजवळच्या रबाई इथे क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४०च्या दशकात काम सुरू केलं. क्राफची बायको आणि नवजात मुलगी १८४४ मध्ये मोंबासालाच वारल्या. रबाईचे लोक मिजिकेंडा, तेही बांटू भाषा बोलणारे. वीस वर्षांत धर्मांतरं झाली ती बोटावर मोजण्याइतकी.

१८६४ मध्ये तिथे नाशिकहून शिकलेले तरुण पोचले: जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर. मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येतो, आणि ज्याला उपदेश करायचा तो काळा. इथे उपदेश करणारा आफ्रिकन आहे, शिकून आलाय गोदावरीकाठी, आणि ज्यांच्यात काम करायचंय ते त्याचे लोक नाहीत, त्यांची भाषाही त्याची नाही. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी 'युरोपीय मिशन आणि आफ्रिकन श्रोते' अशी दोन खान्यांची तक्ता-मांडणी केली होती. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग जॉर्ज डेव्हिड कोणत्या खान्यात?" मी गप्प. तक्ता त्याच रात्री पुसला.

१८६६: अब्राहम

आता ज्या नोंदीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येऊ.

लिव्हिंग्स्टन रोवुमा नदीच्या बाजूने आत शिरला आणि जुलै १८६६ मध्ये मटाका या याओ सरदाराच्या म्वेंबे गावी पोचला. मोठी वस्ती, भरपूर शेती. जनावरांचे हाल झाले होते. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची पानं हीच. आणि मध्येच चार-पाच ओळी येतात. नाशिकच्या मुलांतल्या अब्राहमला या गावात त्याचा 'अंकल' भेटला.

अंकलने सांगितलं की तू गेल्यावर तुझी आई आणि दोन बहिणी अरबांना विकल्या गेल्या. मग त्याने अब्राहमला गळ घातली की आता इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही राहा म्हटलं. आणखी एका अंकलनेही सांगून पाहिलं. अब्राहम नाही म्हणाला. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू, असं त्याचं म्हणणं लिव्हिंग्स्टनने लिहून ठेवलंय.  

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते सरळ वाटलं. दुःखी मुलगा, गेलेलं घर. पावसाळ्यात करडीला आले होते, धानाची रोवणी चालली होती. रात्री जेवताना मी ही गोष्ट आईला सांगितली. ती म्हणाली, "पण तो कोण होता त्याचा? मामा का काका?"

मी म्हटलं, इंग्रजीत अंकलच लिहिलंय.

"असं कसं? मामा वेगळा, काका वेगळा. राहा म्हणणारा कोण आहे त्यावर तर आहे सगळं."

इंग्रजीत वाचताना हा प्रश्न पडतच नाही. मराठीत सांगायला गेलं की टाळता येत नाही. आणि याओंच्या बाबतीत तर तो कळीचाच प्रश्न आहे, कारण याओ समाज मातृवंशीय आहे. वंश आईकडून चालतो. पुरुषाचं वजन त्याच्या स्वतःच्या मुलांवरून ठरत नाही, तो ज्या बहिणींचा आणि भाचरांचा सांभाळ करतो त्यांच्यावरून ठरतं. या गटाला याओ 'म्बुंबा' म्हणतात. मामा हा घराचा कर्ता, वारसा भाच्याकडे जातो.

आता अब्राहमचं वाक्य परत वाचा. आई नाही, बहीण नाही. आपल्याला वाटतं तो मायेबद्दल बोलतोय. तेही असेलच. पण याओ माणसाच्या तोंडी या वाक्याचा आणखी एक अर्थ होतो: मी ज्या घरातून मोजला जातो ते घरच उरलं नाही. बहिणी नसतील तर मी कुणाचा मामा होणार? या गावात माझी जागा कोणती? माझ्या वाचनाप्रमाणे तो अतिशय नेमकं, समाजशास्त्रीय म्हणावं असं बोलत होता. आणि ते बोलणारा मुलगा कित्येक वर्षं नाशिकला बायबल शिकलेला होता. शाळेने त्याचं नाव बदललं, पण घर कशाला म्हणायचं हे त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

त्याच मोहिमेत विकटानी नावाचा मुलगा होता. त्याला आणि चुमाला लिव्हिंग्स्टनने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं, दोघांचा बाप्तिस्माही तिथेच झाला. विकटानीला न्यासा सरोवराजवळ आपली माणसं सापडली आणि तो थांबला. एक थांबला, एक थांबला नाही. दोन्ही निर्णय त्या मुलांचे होते. मिशनच्या हिशोबात मात्र ते 'प्रगती' किंवा 'घसरण' याच दोन खात्यांत पडतात.

१८७३-७४: झाडावरची अक्षरं

पुढचं अनेकांना माहीत असतं. लिव्हिंग्स्टन मे १८७३च्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबो सरदाराच्या गावी वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, देह वाळवून गुंडाळला आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या बागामोयोपर्यंत नेला. ते फेब्रुवारी १८७४ मध्ये पोचले. दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकच्या जेकब वेनराइटने. तो याओ होता.

झाडावर अक्षरं कोरली तीही जेकबनेच. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख आणि खाली तीन सोबत्यांची नावं. स्वतःचं नाव त्याने कोरलं नाही. तारीख कोरली ४ मे. छापील इतिहासात मात्र १ मे येते, कारण हॉरेस वॉलर याने रोजनिशी संपादित करताना चुमा आणि सुसी यांच्या सांगण्यावरून ती तारीख धरली. लिव्हिंग्स्टनच्या हातची शेवटची नोंद आहे २७ एप्रिलची. एकाच मृत्यूच्या दोन तारखा, आणि दोन्ही आफ्रिकन साक्षीदारांच्याच. तुमच्या साधनांत असं काही सापडलं तर एक तारीख 'चूक' म्हणून पुसू नका. कोणी, कधी, कोणासमोर सांगितलं ते लिहा.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. तिथल्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी हा देह समुद्र आणि जमीन ओलांडून आणला. हातांची नावं नाहीत.

शाळा रिकामी होते

१८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. करार घडवणारे बार्टल फ्रेअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते, शरणपूर त्यांना माहीत होतं. १८७५ मध्ये मोंबासाजवळ त्यांच्या नावाने फ्रेअर टाउन ही वस्ती उभी राहिली आणि ती उभी करायला पाठवला तोच नाशिकचा प्राइस. शरणपूरहून सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन तिकडे गेले आणि नाशिकचा आफ्रिकन आश्रम संपला.

पुढचा काळ सरळ नव्हता. पगार, हुद्दा, मान यांवरून हे शिकलेले आफ्रिकन आणि युरोपीय मिशनरी यांच्यात सतत खटके उडत. विल्यम जोन्स आणि सेमलर १८८५ मध्ये डीकन झाले, म्हणजे रबाईला आल्यावर २१ वर्षांनी. त्याच रबाईत आसपासच्या मालकांकडून पळालेले गुलाम आसरा घेत होते आणि जोन्स त्यांच्या पाठीशी होता. अखेर १८८९च्या आरंभी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई देऊन चौदाशेहून अधिक जणांची सुटका केली. नाशिकच्या गावाचं नाव 'शरणपूर' होतं. त्या नावाचा अर्थ रबाईत खरा झाला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि याओ लोक? त्यांच्या प्रदेशातही मिशन गेलं, त्यांच्यासाठीही प्रार्थना झाल्या. पण १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून याओ मोठ्या संख्येने मुस्लिम झाले आणि आज मलावीत ते बहुसंख्येने मुस्लिमच आहेत. किनाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार, तिथल्या लिपीचं आणि विद्येचं आकर्षण, सरदारांचे निर्णय, अशी कारणं अभ्यासक देतात. मिशनच्या कागदांत हे 'अपयश' म्हणून येतं. याओंच्या बाजूने पाहिलं तर तो त्यांनी केलेला एक निर्णय आहे. अब्राहमसारखाच.

मग आपण काय करायचं?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी करून बघा.

एक, साधनात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे 'हे नाव कोणी दिलं' असा रकाना करा. मॅथ्यू वेलिंग्टनचं मूळ नाव चेंगविंबे होतं हे आपल्याला कळतं, कारण तो १९३५ पर्यंत जगला आणि म्हातारपणी आपली हकिगत सांगू शकला. ज्यांना तेवढं आयुष्य मिळालं नाही त्यांचा रकाना रिकामा राहील. राहू द्या. रिकामा रकाना हीसुद्धा नोंद आहे.

दोन, महत्त्वाचा उतारा आपल्या भाषेत, घरातल्या माणसाला सांगा. अनुवाद करताना जिथे अडाल तिथे साधनाने काहीतरी सपाट केलेलं असतं. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या रात्रीच्या प्रश्नातून निघालं.

तीन, हे लांबच्याच लोकांबाबत करू नका. आमच्या विदर्भात स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपूरला होते. १८६३ मध्ये ते बुडून वारले आणि गोंडांविषयीची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. अब्राहमला अंकल भेटला तेच हे वर्ष. त्यात लिंगोचं मोठं गाणं आहे, एका परधानाकडून लिहून घेतलेलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आणि टेंपल आहेत. गाणारा तो परधान कोण होता, त्याने ते कुणाकडून ऐकलं, कोणता भाग गायला आणि कोणता मुद्दाम गाळला?

आमच्या गावापासून नागपूर फार लांब नाही. सुरुवात तिथूनही करता येईल.